लावणीनंतरचा ताप आणि डोळ्याचा मागचा पडदा

चिखलणीत दिवसदिवस उभं राहिल्यावर ताप येतो, पोटऱ्या ठणकतात. हा लेप्टो असू शकतो, हे आता कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. ताप उतरला की आपण पुन्हा खाचरात. पण काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी नजर धूसर झाली, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याचं नातं त्या जुन्या तापाशी असू शकतं.

१९९३ च्या अखेरीस तामिळनाडूत मोठे पूर आले. त्यानंतर १९९४ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्याच्या आतल्या दाहाचे, म्हणजे युव्हायटिसचे रुग्ण अचानक वाढले. तपासाअंती लेप्टो निघाला. अशा ७३ रुग्णांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे मात्र ‘डोळे आले’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणतात आणि इथंच घात होतो. डोळे आले तर चिपडं येतात, नजर बहुधा शाबूत राहते. आतल्या दाहात चिपडं नसतात, उजेड सोसवत नाही, नजर मंदावते. दाह नुसता मागे असेल तर डोळा लालही होत नाही, दुखतही नाही! म्हणून माणूस गाफील राहतो.

डॉक्टर थेंबांनी बाहुली मोठी करून मागचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि नस पाहतात. (काही तास अंधुक दिसतं, तेव्हा मोटारसायकल चालवत जाऊ नका.) रक्त तपासतात. छातीचा एक्सरे सांगितला तर ‘डोळ्याला छातीचा फोटो कशाला?’ म्हणून वाद घालू नका. टीबीही असाच डोळा बिघडवतो आणि टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो भडकतो.

उपचार म्हणजे मुख्यतः स्टिरॉइड. पुढे दाह असेल तर थेंब. मागे असेल तर गोळ्या किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन. जोडीला डॉक्टर जंतूवरचं औषधही देऊ शकतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका, त्या उतरत्या क्रमानेच सोडायच्या. तेच थेंब मनाने महिनोन्महिने घातले तर मोतीबिंदू, काचबिंदू मागे लागतो; डोळ्याचा दाब मोजून घेत जा. साखरेचा आजार असेल तर आधी सांगा. वेळेवर गेलात तर लेप्टोचा डोळा बहुतेकदा चांगला सुधारतो.

सरपंच आणि आरोग्यसेवकांना एक विनंती. गावात लेप्टोचा ताप झालेल्यांना पुढचे काही महिने नजरेबद्दल विचारत राहा आणि तापाचा केसपेपर जपून ठेवायला सांगा. डोळ्याच्या डॉक्टरांना तोच आधी लागतो.