हॅलोजनोअल्केनांची विलोपन अभिक्रिया : डीडीटीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
हॅलोजनोअल्केनाच्या एका कार्बनवरील हॅलोजन व लगतच्या कार्बनवरील हायड्रोजन निघून जाऊन दुहेरी बंध तयार होतो, तेव्हा त्यास विलोपन अभिक्रिया असे म्हणतात. पदवी वर्गात ती बहुधा 2-ब्रोमोब्युटेनच्या उदाहरणाने शिकविली जाते. परंतु ज्या डीडीटीची फवारणी 1953 च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमापासून ग्रामीण घरांच्या भिंतींवर झाली, तेही क्लोरीनयुक्त अल्केनच आहे. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही त्याचे उत्पादन झाले. प्रस्तुत लेखात त्याच्या विलोपनाचा विचार केला आहे.

अभिक्रियेचे स्वरूप :
डीडीटीच्या रेणूत इथेनच्या एका कार्बनवर तीन क्लोरीन अणू, तर दुसऱ्यावर दोन क्लोरोफिनाइल गट व एकच हायड्रोजन असतो. या गटांमुळे तो हायड्रोजन काहीसा आम्लधर्मी बनतो. हायड्रॉक्साइड आयन त्यास प्रोटॉनच्या रूपात ओढून घेतो. त्याच वेळी शेजारच्या कार्बनवरील एक क्लोराइड आयन बाहेर पडतो. अभिक्रियेचा वेग डीडीटी व आम्लारी या दोहोंच्या संहतीवर अवलंबून असल्याने ती द्विरेण्वीय ठरते. क्लोरीनधारक कार्बनभोवती अणुगटांची दाटी असल्याने तेथे मागील बाजूने हल्ला होणे कठीण जाते व प्रतियोजन मागे पडते. 2-ब्रोमोब्युटेनपासून 1-ब्युटीन व 2-ब्युटीन अशी दोन्ही अल्कीने मिळतात. येथे काढून घेण्याजोगा हायड्रोजन एकच असल्याने डीडीई हे एकच अल्कीन मिळते.

अभिक्रियेचे परिणाम :
डीडीईमध्ये कीटकनाशक गुण जवळजवळ उरत नाही. डीडीटीस दाद न देणाऱ्या काही डासांमध्ये ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे विकर हेच विलोपन घडवून आणते. प्रयोगशाळेत जे कार्य आम्लारी करते, तेच डासाच्या शरीरात विकर करते. मात्र डासास निरुपद्रवी झालेले डीडीई पर्यावरणात दीर्घकाळ टिकते, मेदात साठते व शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ करते. भारतात 1989 मध्ये शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर बंदी घालण्यात आली.

निष्कर्ष :
एका हायड्रोजन क्लोराइड रेणूच्या विलोपनाने औषध निष्प्रभ होते, पण प्रदूषण संपत नाही. ‘विलोपन’ म्हणजे पदार्थाचा नाश नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासाठी पाठ्यपुस्तकातील उदाहरणासोबत डीडीटीचे उदाहरण अध्यापनात घेणे उपयुक्त ठरेल.