मूळ नक्षत्राचा मोती: कुत्र्याचं मन पत्रिकेत दिसतं का?

माहूरच्या घाटात रेंज गेली आणि भाग अर्धाच ऐकून झाला, अशांसाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेलं तेवढं काढलंय.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. किनवटकडच्या एका ताईंनी पाठवलाय. नाव सांगत नाही, कुत्र्याचं नाव सांगतो: मोती. दोन वर्षांपूर्वी यांच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीआड एक कुत्री व्याली. पाच पिल्लं झाली. चार गावात गेली, एक घरीच राहिलं. तोच हा मोती. आता तो रात्रभर भुंकतो, चपला कुरतडतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरातल्या लहान पोराच्या अंगावर धावून गेला. चावला नाही, पण घर घाबरलं. मग कुणीतरी पंचांग काढलं. जन्म मूळ नक्षत्रावरचा निघाला! झालं. घरात ठरलं, येत्या शनिवारी याला माहूरला नेऊन गडावर सोडायचं. "दत्ताच्या पायाशी राहील, आपलीही पीडा टळेल."

ताई विचारतात, "दादा, त्याच्या नक्षत्रावरून त्याला काय हवंय ते कळेल का? काही उपाय निघाला तर मी त्याला ठेवून घेईन."

ताई, शनिवार यायच्या आत हा भाग टाकतोय. नीट ऐका.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू

ज्योतिषात कुत्रा नवा नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कुत्र्याच्या लक्षणांवर वेगळा अध्याय आहे, आणि कुत्र्यावरून शकुन कसे बघायचे त्यावरही आहे. आपल्याकडे शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालतात, ती शनीसाठी. भैरवाचं वाहन कुत्रा. 'लाल किताब' मानणारे केतूसाठी कुत्रा पाळायला सांगतात.

यात एक गोष्ट लक्षात आली का? या सगळ्यात कुत्रा कुणासाठी आहे? माणसासाठी. शकुन माणसाचा, पीडा माणसाची, पोळी घालून पुण्य माणसाचं. कुत्र्याला स्वतःला आज कसं वाटतंय, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नाही. कुत्र्याची रास काढून त्याचा स्वभाव सांगणं हे अलीकडचं, मोबाइलवरच्या रील्समधलं.

आता मोतीचं मूळ नक्षत्र. लग्नाचे छत्तीस गुण जुळवतात, त्यात योनीचे ४ गुण असतात. प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी दिलेला आहे. कुत्रा कुणाला दिलाय? आर्द्रा आणि मूळ! मूळ नक्षत्राची योनीच श्वान. वर मूळचा स्वामी केतू, आणि लाल किताबवाल्यांच्या हिशेबात केतूचा प्राणी पुन्हा कुत्राच. म्हणजे मूळ नक्षत्रावर कुत्रा जन्मला तर शास्त्रानं तो स्वतःच्याच घरी आला की! ताई, घरच्यांशी वाद घालायचा असेल तर हा मुद्दा त्यांच्याच पंचांगातला आहे, बिनधास्त वापरा.

पण मी एवढ्यावर थांबलो तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

पाच पिल्लांचं गणित

चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, एका नक्षत्रात साधारण एक दिवस. कुत्रीची सगळी पिल्लं बहुतेक वेळा काही तासांतच होतात. म्हणजे मोतीच्या चारही भावंडांची रास तीच, आणि नक्षत्रही जवळपास नक्की तेच. ताईंना मी उलट विचारलं, बाकीची चार कशी आहेत? त्या म्हणाल्या, एक हॉटेलापुढे दिवसभर झोपून असतं, लेकरं त्याचे कान ओढतात तरी हलत नाही. एक शेतावर राखणीला आहे, शहाणं आहे. एक फार भित्रं. चौथ्याचा पत्ता नाही.

पंचांग एक आणि स्वभाव चार तऱ्हेचे. मग फरक कशानं पडला? कुणाला कसं घर मिळालं, लहानपणी काय दिसलं, आईपासून कधी तोडलं, आणि थोडं रक्तातलं. पिल्लाचे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार महत्त्वाचे. त्या काळात माणसं, लेकरं, गाड्या, भांड्यांचे आवाज यांची चांगली ओळख झाली तर पुढे त्यांची भीती कमी वाटते. जन्मवेळेपेक्षा हे दिवस जास्त बोलतात.

माणसांच्या पत्रिकांची परीक्षा तर आपल्या महाराष्ट्रातच झालीय. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून कोणती कुठली ते सांगायचं होतं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलं. माणसाच्या पत्रिकेतून एवढा मोठा फरक कळत नसेल, तर कुत्र्याच्या पत्रिकेतून त्याच्या मनातलं कसं कळेल?

मग ते खरं का वाटतं?

१९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं. मुलांनी पाचपैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले, अगदी आमचंच वर्णन म्हणे. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच कागद दिला होता! "तुमचा कुत्रा धनू राशीचा आहे, त्याला स्वातंत्र्य आवडतं, पण माणसांचा लळाही आहे." आता सांगा, असा कुठला कुत्रा आहे ज्याला हे लागू होत नाही?

कुत्र्याच्या बाबतीत अजून एक घोळ होतो. तो "माझं वर्णन चुकलं" असं सांगू शकत नाही, त्याच्या वतीनं आपणच मान डोलावतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या त्या 'अपराधी' चेहऱ्यावर प्रयोग केला. मान खाली, कान मागे, नजर चोरलेली, तो चेहरा. कुत्र्यानं चूक केली की नाही याच्याशी तो चेहरा जुळलाच नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. आपण त्याला पश्चात्ताप समजतो, आणि कुत्रा फक्त आपल्या आवाजाला घाबरलेला असतो.

पौर्णिमेला कुत्री भुंकतात, हे तर खरंय ना?

माहूरचे ऐकणारे हे हमखास विचारणार. माहूरमध्ये खरंच तसं दिसू शकतं, पण कारण बघा. दत्तजयंती कधी? मार्गशीर्ष पौर्णिमा. परिक्रमा यात्रा कधी? राखी पौर्णिमा. त्या दिवशी गावात हजारो अनोळखी माणसं, गाड्यांचे हॉर्न, रात्रभर जाग आणि जागोजागी पडलेलं खरकटं. कुत्रं भुंकेल नाही तर काय करेल? चंद्राचा परिणाम झाला म्हणा हवं तर, पण तो यात्रेकरूंच्या गर्दीतून झाला.

आता लक्ष्मीपूजन. ती रात्र आश्विन अमावास्येची. घरचे म्हणाले, "अमावास्येलाच बिथरला." अहो, त्या रात्री फटाके होते! कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. साखळीला बांधलेला, पळायला जागा नाही, डोक्याशी सुतळी बॉम्ब, आणि त्यात पोरगं त्याला धरायला पुढे आलं. पळता येत नसलेल्या जिवाकडे भुंकून, दात दाखवून "लांब हो" एवढंच सांगणं उरतं. मोतीनं ते सांगितलं आणि चावला नाही. ताई, मला विचाराल तर त्यानं स्वतःला आवरलं.

मोतीची खरी पत्रिका कशी काढायची

वही घ्या किंवा फोनमध्ये नोट उघडा. आठ दिवस तीनच गोष्टी लिहा: आधी काय झालं, त्याचं अंग कसं होतं, नंतर काय झालं.

अंग वाचायला शिका. झोप नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पायांत: हा जीव घाबरलाय. अंग एकदम ताठ, पाठीवरचे केस उभे, गुरगुर: आता मागे सरा. गुरगुरल्याबद्दल मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतं.

मग गरजा. दिवसभर साखळी असेल तर रात्रभर भुंकणं येणारच. सकाळ-संध्याकाळ फिरवा, आणि फिरताना वास घेऊ द्या, ओढून नेऊ नका. त्याला जग नाकानं कळतं. कुरतडायला चपलेऐवजी जाड दोरीची गाठ द्या. खायची वेळ ठरलेली ठेवा. फटाक्यांच्या दिवसांत आतली खोली, बंद खिडकी आणि एक ओळखीचं माणूस जवळ. झोपलेल्या किंवा खात असलेल्या कुत्र्याजवळ लहान लेकराला एकटं सोडायचं नाही, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

आणि मायेचं म्हणाल, तर कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलंय. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की अनोळखी माणसावर विश्वास बसायला नुसत्या खाण्यापेक्षा मायेनं फिरवलेला हात जास्त उपयोगी पडला. (म्हणून लगेच रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला हात लावायला जाऊ नका!) शनिवारची पोळी जरूर घाला. पण कुत्र्याला शनिवार कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की हे माणूस रोज येतं की नाही.

एक गोष्ट मात्र गंभीर. स्वभाव दोन-चार दिवसांत अचानक पालटला, लाळ गळायला लागली, आवाज बदलला, पाणी गिळता येईना, तर ग्रह बघत बसू नका. रेबीज असू शकतो. जवळ जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चावला किंवा ओरखडा उठला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. आणि दुखण्यानंही कुत्रं चिडतं. दात, कान, पोट एकदा तपासून घ्याच.

गडावर सोडायचं का?

नाही. गडावर आधीच कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. नव्याला ती टिकू देत नाहीत. खाली जंगल. मोती तिथे दत्ताच्या पायाशी बसणार नाही, तुमच्या गाडीमागे पळत सुटेल. शिवाय उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ खाली गुन्हा आहे.

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आपण सगळ्यांनी बघितलीत. ते चार वेद आहेत असं म्हणतात. आणि दत्तानं चोवीस गुरू केले, त्यात कबुतर, अजगर, मासा, कोळी असे कितीतरी जीव आहेत. त्यांच्याकडून तो शिकला कसा? बसून, नीट बघून. कुणाची पत्रिका मांडल्याचं त्या गोष्टीत कुठे येत नाही.

तर ताई, शनिवारी माहूरला अवश्य जा. रेणुकामातेचं, दत्तशिखराचं, अनसूयेचं दर्शन घ्या. मोतीला मात्र घरीच ठेवा, आणि परत आल्यावर त्याला एक लांब चक्कर मारून आणा. आठ दिवसांनी वहीत काय सापडलं ते आम्हाला व्हॉइस मेसेज करा. पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.

भेटू मग पुढच्या आठवड्यात. तोवर सांभाळून राहा, मंडळी!