मैदानातले मजूर (लेखांक ५) : खाणीतून आलेला बिली मेरेडिथ

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९०१ साली खेळाडूंच्या पगारावर घातलेली आठवड्याला चार पौंडांची मर्यादा गेल्या लेखांकात पाहिली. त्या मर्यादेशी हट्टाने झगडलेला माणूस म्हणजे वेल्सचा बिली मेरेडिथ.

मेरेडिथ १८७४ मध्ये चर्क गावाजवळच्या ब्लॅक पार्क या खाणवस्तीत जन्मला. बाराव्या वर्षी तो खाणीत उतरला. कोळशाच्या गाड्या ओढणारी तट्टं हाकणं हे त्याचं काम. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं, तरी खाणकाम त्याने लगेच सोडलं नाही. उजव्या बगलेने बाजूरेषेला चिकटून चेंडू पळवत नेणारा, दातांत काडी धरून खेळणारा हा विंगर मँचेस्टरकरांचा लाडका झाला. १९०४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच, आणि कर्णधारही तोच.

वर्षभरात सगळं फिरलं. अ‍ॅस्टन व्हिलाच्या कर्णधाराला दहा पौंडांची लाच देऊ केल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली. लाचेचं समर्थन करता येत नाही. पण बंदीच्या काळात क्लबने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा मर्यादेपेक्षा जास्त पगार चोरून दिले जातात हे मेरेडिथने उघड केलं. चौकशीनंतर सिटीच्या सतरा खेळाडूंवर बंदी आली. मला यात नियमाचाच दोष मोठा वाटतो: हजारो लोक तिकीट काढून ज्यांना पाहायला येत, त्यांनी आपला रास्त मोबदला लपवून घ्यायचा!

१ जानेवारी १९०७ ला तो मँचेस्टर युनायटेडकडून मैदानात उतरला. १९०८ आणि १९११ मध्ये लीग, १९०९ मध्ये कप, अशी युनायटेडची ती सुगीची वर्षं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती २ डिसेंबर १९०७ ची मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलातली बैठक. मेरेडिथ अध्यक्ष होता आणि तिथे खेळाडूंची युनियन उभी राहिली. पगाराची मर्यादा उठावी, खेळाडूला क्लब बदलण्याची मोकळीक असावी, जायबंदी झाल्यास भरपाई मिळावी, या तिच्या मागण्या. खाणीत वाढलेल्याला त्यांचं महत्त्व समजवावं लागत नव्हतं.

१९०९ च्या उन्हाळ्यात संघटनेने फर्मावलं : युनियन सोडा, नाहीतर खेळ बंद. युनायटेडचे खेळाडू अडून बसले आणि स्वतःला ‘आउटकास्ट्स’ म्हणवून सराव करत राहिले. अखेर युनियनला मान्यता मिळाली, पगाराची मर्यादा मात्र राहिलीच.

मेरेडिथ पुढेही थांबला नाही. १९२० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडला २-१ ने हरवणाऱ्या वेल्सच्या संघात तो होता. वेल्ससाठीचा तो त्याचा अठ्ठेचाळिसावा आणि शेवटचा सामना. १९२४ मध्ये सिटीकडून कपची उपांत्य फेरी खेळला तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. १९५८ मध्ये तो वारला आणि पगाराची मर्यादा उठली १९६१ मध्ये.

‘आउटकास्ट्स’ना एकत्र धरून ठेवणाऱ्या चार्ली रॉबर्ट्सविषयी पुढच्या आठवड्यात.