लांबची, पण लवकरची वाट

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस विमानानें जावयास किती वेळ लागतो, असें कोणीं विचारलें तर आपण आधीं अंतर विचारतों, आणि त्यास वेगानें भागून मोकळे होतों. शाळेंतील आगगाडीचीं उदाहरणें आपल्या हाडींमाशीं खिळलेलीं असतात! परंतु येथें तो हिशेब साफ चुकतो.

प्रथम अंतरच घ्या. घरांत पृथ्वीचा गोल असल्यास त्यावर ह्या दोन नगरांमध्यें दोरा ताणून धरा. तो आडवा न राहतां उत्तरेकडे सरकेल व ७५ अंशांपर्यंत वर चढेल. ही सर्वांत जवळची वाट, सुमारें १२,४०० किलोमीटरांची. पण तिच्यावर हिमालय आणि तिबेटचें पठार आडवें आहे. विमानांतील हवेचा दाब एकाएकीं नाहींसा झाला, तर वैमानिकास सुमारें तीन किलोमीटर उंचीपर्यंत खालीं उतरावें लागतें; आणि तिबेटची भूमीच बहुतेक त्याहून उंच! म्हणून ती वाट सोडावी लागते.

एअर इंडियाचें विमान पूर्वीं पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारें १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्यें तें पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यांत आलें. वाट सुमारें १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनीं लांब. पण प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, पूर्वींहून जवळजवळ दोन तास आधीं. म्हणजे ताशीं सरासरी १,०५० किलोमीटरांवर वेग पडला. विमानाचा स्वतःचा वेग ९०० च्या आसपास. मग उरलेला वेग कोणाचा?

कित्येकांस वाटतें, हा पृथ्वीच्या फिरण्याचा प्रताप. तसें नाहीं, पृथ्वीबरोबर तिचें वातावरणही फिरतच असतें. हा प्रताप वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद प्रवाह वाहतो, आणि हिवाळ्यांत जपानवर त्याचा वेग ताशीं २०० किलोमीटरांहूनही अधिक असतो. प्रवाहाबरोबर सोडलेली होडी आणि प्रवाहाविरुद्ध वल्हविलेली होडी, एवढाच भेद. वाचलेल्या दोन तासांचें इंधनही वाचतें, हें वेगळें सांगावयास नको.

ह्या वाऱ्याचा शोध जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं फुगे सोडून लावला होता. त्यांनीं तो १९२६ मध्यें प्रसिद्धही केला, पण एस्परांतो भाषेंत! जगाला कळावा म्हणून योजिलेल्या त्या भाषेमुळेंच तो फारसा कोणीं वाचला नाहीं.

आतां घड्याळाची गंमत. सॅन फ्रान्सिस्कोचें घड्याळ उन्हाळ्यांत आपल्याहून साडेबारा तास मागें असतें. दिल्लीहून पहांटे तीन वाजतां निघालेला उतारू साडेचौदा तासांनीं तेथें उतरतो, तेव्हां तेथें त्याच तारखेची पहांट असते आणि पांच वाजलेले असतात.