लिहिलेला स्वर, गिळलेला स्वर

'सावकाश' या अर्थाचे फ्रेंच क्रियाविशेषण आहे 'लाँतमाँ'. विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घ्यायचे आणि त्याला 'माँ' जोडायचे, अशी यातल्या बहुतेक शब्दांची घडण. हा प्रत्यय लॅटिनमधल्या 'मेन्ते' म्हणजे 'मनाने' या शब्दातून आला. म्हणजे सावकाश जाणे मुळात 'संथ मनाने' जाणे!

प्रत्ययाच्या शेवटी 'ट' लिहितात, पण उच्चारत नाहीत. स्वर नाकातून काढतात. लेखनात या शब्दाची तीन अक्षरे पडतात : लाँ-त-माँ. रोजच्या बोलण्यात मधला पुसट स्वर गळतो आणि दोनच उरतात : लाँत्-माँ. 'हळुवारपणे' या अर्थाच्या 'दूसमाँ'चे तसेच. 'नेमके' या अर्थाच्या 'ज्युस्तमाँ'त मात्र तो स्वर टिकतो. कारण तो गेला तर स्, त् आणि म् एकमेकांवर आदळतील. जिभेला हे सोसत नाही.

मंडळी, हे आपल्याला नवे नाही. आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. पण अभंगात अक्षरे मोजताना तीनच धरतो. फ्रेंच कवितेचाही हाच रिवाज. बारा अक्षरांच्या 'आलेक्सांद्राँ' वृत्तात, ओळीच्या आत व्यंजनाआधी आलेला हा पुसट स्वर मोजला जातो. रासीनच्या सतराव्या शतकातल्या पद्यनाटकांत नटाने तो बोलीच्या सवयीने गिळला, तर ओळ अकरावर येते आणि तोल जातो.

फ्रेंच शिकणाऱ्याने म्हणून दोन्ही उच्चार कानात ठेवावेत. बाजारात दोन अक्षरे पुरतात. कवितेला तिसरे लागते.