काटा खोटं बोलतो तेव्हा

जुन्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा लालात गेला की मालकाच्याच अंगाला घाम फुटतो. बॉनेट उघडावं, तर ना वाफ, ना कूलंटचा वास! मग संशय काट्यावरच.

इंजिन तापलं की सेन्सरचा विद्युतरोध घटतो आणि काटा चढतो. एका वायरीचा सेन्सर असेल, तर परीक्षा सोपी. इग्निशन चालू ठेवून वायर काढली की काटा थंडाकडे पडायला हवा. वरच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा मीटरच बिघडलाय. पडला, तर इन्फ्रारेड थर्मामीटरनं इंजिन खरंच तापलं नाही ना, हे पाहून मगच सेन्सर बदलावा.

हेडलाइट लावताच काटा हलतो? बहुधा अर्थिंग सैल आहे.

तपासताना गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.