एकवीस दिवसांची सोबत

स्तनाच्या कॅन्सरचे बरेचसे किमो २१ दिवसांच्या अंतराने दिले जातात. त्यातला एक दिवस रुग्णालयात जातो: रक्ततपासणी, सलाईन, खुर्चीत काढलेले काही तास. उरलेले २० दिवस बाई घरी असते. मळमळ घरी होते, तोंड घरी येतं, केस घरच्या उशीवर गळतात आणि मध्यरात्रीचा तापही घरीच चढतो. औषधाचा परिणाम डॉक्टर नीट जाणतात. पण त्या २० दिवसांत चूल, मुलं, पाहुणे आणि आरसा यांना सामोरं कसं जायचं, हे ज्या बाईने ते दिवस काढलेत तिलाच ठाऊक असतं. अशी बाई दुसरीच्या शेजारी बसवणं हा उपचाराचाच भाग आहे, तो नशिबावर सोडता कामा नये, हे मला इथे मांडायचं आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये आता हाच कॅन्सर सर्वाधिक आढळतो.

चिखलीतली बाई

पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेला इंद्रायणीकाठी चिखली आहे. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला तळवडे, पलीकडे चाकण. साने चौक, मोरे वस्ती, जाधववाडी, घरकुल या भागांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली हजारो कुटुंबं राहतात. नवरा शिफ्टला, मुलं शाळेत, सासर-माहेर लातूरला नाहीतर बुलढाण्याला. गावाकडे आजारी बाईच्या घरी शेजारीण भाकरी आणून देते. इथे शेजारीणही कामावर गेलेली असते.

उपचारासाठी पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, थेरगावचं आदित्य बिर्ला रुग्णालय, पुण्यातली मोठी रुग्णालयं किंवा थेट परळचं टाटा मेमोरियल गाठलं जातं. म्हणजे दवाखान्याची वाट आहे. तिथून परतल्यावर दाराशी वाट बघणारं कुणी नसतं, ही उणीव आहे. शिवाय चाळीत किंवा सोसायटीत कळलं तर मुलीच्या लग्नाचं काय, या धास्तीने अनेक घरांत आजाराचं नावही काढत नाहीत. ज्या आजाराचं नाव काढायचं नाही, त्याच्या त्रासाबद्दल विचारायचं कुणाला?

रबरी चेंडू आणि दोरी

रुग्णाने रुग्णाला धीर देण्याची संघटित परंपरा सत्तर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचा स्तन १९५२ मध्ये काढावा लागला. हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, यातलं काहीच त्यांना कुणी सांगितलं नाही. मग त्या स्वतःच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना जाऊन भेटू लागल्या. सोबत व्यायामासाठी एक रबरी चेंडू, एक दोरी आणि ब्लाउजमध्ये ठेवायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. सुरुवातीला डॉक्टरांना हे रुचलं नाही. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हाच उपक्रम आपला केला.

मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतःच्या कॅन्सरनंतर १९९४ मध्ये 'व्ही केअर' ही संस्था सुरू केली. रेल्वेतल्या अधिकारी रूबी अहलुवालिया यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडल्यावर 'संजीवनी' ही संस्था उभी केली. आजारातून उठलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन रुग्णालयांत रुग्णांसोबत बसवण्याचं काम ती करते. पुण्यात 'आस्था' हा स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा गट आहे. 'साईशा' या संस्थेच्या स्वयंसेविका सुती धाग्याने विणलेले मऊ, हलके कृत्रिम स्तन गरजू बायकांना विनामूल्य देतात. जखमेच्या जागी घाम आणि घर्षण सोसत नाही, तेव्हा या साध्या विणकामाचं मोल कळतं.

सोबतीने नेमकं काय होतं?

इथे भाबडेपणा नको. १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की आजार पसरलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात येत होत्या, त्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. जगभर आशा पसरली. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मन हलकं झालं आणि वेदना कमी जाणवल्या, हे मात्र त्यातही ठळकपणे दिसलं. गट आजार बरा करत नाही, आजार सोसण्याची ताकद वाढवतो. एवढं कबूल करूनही ते मोलाचं आहे.

संशोधक विकी हेल्गेसन यांच्या अभ्यासातून आणखी एक बारकावा पुढे आला. घरून भरपूर आधार असलेल्या स्त्रियांना नुसत्या गप्पांच्या गटाचा फायदा झाला नाही, काहींना उलट त्रासच झाला. ज्यांना घरून आधार नव्हता, त्यांना मात्र उपयोग झाला. नेमकी माहिती देणाऱ्या गटांचा फायदा जास्त बायकांना झाला. चिखलीसारख्या एकट्या पडलेल्या वस्तीने हे दोन्ही धडे घ्यावेत: इथे गट हवाच, आणि त्यात रडण्याबरोबर शिकणंही हवं.

काही वेळा रुग्णांच्या सोबतीने वैद्यकशास्त्राचीही समजूत बदलते. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला जोराचा व्यायाम देऊ नका, सूज येईल, असं पूर्वी बजावलं जाई. १९९६ मध्ये व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांची तुकडी लांबलचक ड्रॅगन बोट वल्हवायला बसवली. एकीलाही त्यामुळे सूज आली नाही. आज बेताबेताने वाढवलेला व्यायाम हा सल्ला जगभर दिला जातो. टाटा मेमोरियलनेही ८५० रुग्णांवर योगाची चाचणी केली आणि त्यात योगाचा लाभ दिसल्याचं २०२२ मध्ये मांडलं.

एकीने दुसरीला सांगावं असं

पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. विंचरताना मूठभर केस हातात येतात तो क्षण सर्वांत वाईट. अनुभवी बाई म्हणते, 'त्याआधीच बारीक कापून घे, म्हणजे ते तुझ्या हाताने होईल.' बाहेर पडायचं कसं, याचंही उत्तर आपल्याकडे तयार आहे. पुणे-पिंपरीत स्कूटीवरची जवळपास प्रत्येक मुलगी डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळते. त्या गर्दीत टक्कल झालेली बाई निर्धास्त भाजी आणू शकते.

लाल रंगाच्या औषधानंतर, म्हणजे डॉक्सोरुबिसिननंतर, दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. हे आधी ठाऊक नसेल तर बाई मुळापासून हादरते. चव धातूसारखी लागली तर स्टीलऐवजी लाकडी चमचा घ्यावा. फोडणीच्या वासाने पोट ढवळत असेल तर स्वयंपाक दुसऱ्याने करावा आणि अन्न थोडं निवू द्यावं. तोंड आलं की मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, मऊ भात, नाचणीची आंबील, तिखट बंद.

पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. वायर हार्नेसच्या लाईनवर दिवसभर बारीक पिना बसवणाऱ्या बाईची रोजीरोटीच त्या बोटांत असते. 'होतं असं' म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना सांगितलं, तर मात्रा किंवा वेळापत्रक बदलता येतं. सोबतिणीचं मोठं काम हेच: त्रास अंगावर काढू न देणं. त्रास वेळच्या वेळी कळवणाऱ्या कॅन्सररुग्णांचं आयुर्मान वाढलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात दिसलं.

हाताची सूज साधारण पाचातल्या एकीला कधी ना कधी गाठते, अनेकदा उपचार संपल्यावर. कालपर्यंत सहज चढणारी बांगडी आज मनगटावर अडते, ही तिची पहिली खूण. तेव्हाच फिजिओथेरपिस्ट गाठला तर पट्टी, स्लीव्ह आणि व्यायामाने ती आटोक्यात राहते.

किमो आणि रेडिएशन, ज्याला रुग्ण 'शेक' म्हणतात, ते संपलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. अनेक बायकांच्या गोळ्या मात्र पाच ते दहा वर्षं चालतात. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, लेट्रोझोलने सकाळी गुडघे आणि बोटं आखडतात. कंटाळून गोळी परस्पर बंद करणाऱ्या बायका अनेक आहेत. या लांबच्या पल्ल्यात सोबत सर्वांत जास्त लागते. चिखलीला जुनी माणसं टाळगाव चिखली म्हणतात. एखादा टाळकरी दमला तरी बाकीचे टाळ भजनाचा ठेका सोडत नाहीत. गटाने नेमकं हेच करायचं.

सोबतिणीने कुठे थांबायचं

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ताप १००.४ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. धाप लागणं, छातीत दुखणं, पाणीही पोटात न टिकणं, पाळी गेल्यानंतर टॅमॉक्सिफेनवर असताना रक्तस्राव होणं, यांचंही उत्तर डॉक्टरांकडेच आहे. स्वतःच्या पिशवीतली गोळी दुसरीला देऊ नये, काढा किंवा चूर्ण सुचवू नये. 'मला असं झालं नव्हतं' हे वाक्यही टाळावं. प्रत्येकीचा आजार आणि औषध वेगळं असतं.

पैसा आणि पगार

गटात हक्कांचीही माहिती फिरली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. त्यात आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक वर्गणी असेल तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. उपचारासाठी रेल्वेने जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये रुग्णाला पूर्ण सवलत आहे. कंत्राटी कामगार बाईला यातलं बरंच काही कळतच नाही, आणि न कळल्यामुळे ती नोकरी सोडून बसते.

आता काय करावं

स्थानिक बायकांना नीट शिकवलं तर त्या मोठं काम करतात, हे मुंबईने दाखवून दिलं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर जो अभ्यास केला, त्यात स्तनांची तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. आजार आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. तपासणी शिकवता येते, तशी सोबतही शिकवता येते.

म्हणून मागणी साधी आहे. किमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने पहिल्या किमोच्या आधीच, बाईची संमती घेऊन, उपचार पूर्ण केलेल्या एका प्रशिक्षित सोबतिणीशी तिची गाठ घालून द्यावी. महापालिकेने चिखलीतल्या दवाखान्यात महिन्यातून एक दुपार या बायकांसाठी राखावी, शिफ्ट बदलण्याची वेळ सांभाळून. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी तिथे तासभर बसावं. परिसरातल्या कारखान्यांनी सोबतिणींचं मानधन आणि प्रवासखर्च उचलावा, कारण हे फुकटचं समाजकार्य नव्हे, कौशल्याचं काम आहे. आणि उपचारांतून पार पडलेल्या ताई, काकू, वहिनींनी पुढे यावं. तुमच्या अंगावरून जे गेलं, ते उद्या पहिल्या किमोला जाणाऱ्या बाईला आजच सांगा. तिला ते आत्ता हवं आहे.